शिवणाचा तास

धाराशिवहून येडशीमार्गे बार्शीकडे निघालं की बालाघाटाचा उतार संपता संपता एके काळी राज्य बदलायचं. घाटावरचा मुलूख निजामाचा, खालची बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यातली. वर निजामाचा हाली शिक्का चाले, खाली इंग्रजांचा कलदार रुपया. मध्ये १८५३ ते १८६० एवढी सात वर्षं आपला नळदुर्ग जिल्हाही इंग्रजांकडे होता आणि कर्नल मेडोज टेलर त्याचा कारभार पाहत होता. पण तो मुलूख पुन्हा हैदराबादकडे गेला आणि पुढची ८८ वर्षं तिकडेच राहिला.

या सीमेने महसूल आणि नाणी वेगळी केली, तशाच इथल्या पोरीबाळीही वेगळ्या केल्या. वायव्येला अहमदनगर आणि दक्षिणेला सोलापूर, या दोन्ही ठिकाणी अमेरिकन मराठी मिशनच्या मुलींच्या शाळा आणि वसतिगृहं होती. उत्तरेला, निजामाच्याच मुलखात, जालन्याजवळ स्कॉटिश मिशनने ख्रिस्ती कुटुंबांचं एक गावच वसवलं होतं. धाराशिव या तिन्हींच्या मधोमध होतं आणि तिन्हींपासून दूर. १९०१ च्या जनगणनेत हैदराबाद संस्थानातल्या बायकांमध्ये लिहितावाचता येणारी शेकडा एकसुद्धा नव्हती. मराठवाड्यातल्या स्त्रीशिक्षणाविषयी बोलताना आपण निजामी राजवटीला बोल लावून मोकळे होतो. तो बोल खोटा नाही. पण सीमेपलीकडच्या मुलींना नेमकं काय मिळालं आणि त्याची कोणती किंमत त्यांनी मोजली, हेही एकदा नीट पाहायला हवं.

बॉस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८२४ मध्ये त्यांच्या मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. पण शाळा काढणं सोपं आणि चालवणं अवघड, कारण मिशनऱ्यांच्या बायका मुलंबाळं, बाळंतपणं आणि आजारपणांत गुंतलेल्या, आणि कॉलऱ्याने वा तापाने अकाली जाणाऱ्याही पुष्कळ. म्हणून संसार नसलेली शिक्षिका हवी, अशी मागणी बॉस्टनला गेली. न्यू हॅम्पशरमधली सिंथिया फरार १८२७ च्या डिसेंबरअखेर मुंबईत पोचली ती अशी. वय ३२, लग्न झालेलं नाही, हाताशी शाळेत शिकवल्याचा अनुभव. दोन वर्षांत तिच्या देखरेखीखालच्या शाळांत चारशेच्या वर मुली आल्या. मधल्या आजारपणात ती मायदेशी जाऊन आली आणि १८३९ पासून अहमदनगरला राहिली. १८६२ मध्ये तिथेच तिचं निधन झालं. मुलींना चांगल्या गृहिणी, चांगल्या माता करायचं म्हणून जी बाई साता समुद्रापलीकडून आली, तिने स्वतः संसार केला नाही. तिला पगार होता, हाताखाली माणसं होती, निर्णयाचे अधिकार होते. वर्गातल्या धड्यात घर होतं, पण मुलींच्या डोळ्यांसमोर रोज उभी राहणारी बाई घराबाहेर काम करणारी होती. माझ्या मते पुढच्या सगळ्या गोष्टीचं बीज इथेच आहे.

तिच्या नगरच्या शाळेचा पुण्याशी आलेला संबंध प्रसिद्ध आहे. जोतीराव फुले आपल्या मित्राबरोबर नगरला गेले, मिस फरार यांची शाळा त्यांनी पाहिली आणि आपल्याकडच्या बायका शिकलेल्या नाहीत याची खंत घेऊन परतले. हे त्यांनी स्वतः सांगितलं आणि १८५३ मध्ये मिशनच्या 'ज्ञानोदया'त ते छापून आलं. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे नगरला फरार यांच्याकडे आणि पुण्याला मिसेस मिचेल यांच्याकडे घेतले, अशीही परंपरा आहे.

या शाळांत शिकवत काय? वाचन, लेखन, थोडं गणित, भूगोल, बायबलमधल्या गोष्टी, गाणी. आणि रोज शिवण. शिवणाचा तास कुठल्याही मिशन शाळेत चुकला नाही. मार्गारेट विल्सन यांनी १८२९ पासून मुंबईत काढलेल्या स्कॉटिश शाळांत तो होता, नगरला होता, पुढे सोलापूरला होता. पुढच्या काळात सरकारी अनुदानासाठी मुलींच्या शाळांची तपासणी होऊ लागली, तेव्हा शिवणकामही तपासलं जाई. मुली ओळीने जमिनीवर बसत. आधी धावदोरा, मग टीप, मग कडेची दुमड घालून हातशिलाई, काज आणि शेवटी बटण. चिंधीवर सरळ ओळ आली तरच धड कापड हातात मिळे. घाण हाताने कापडाला शिवायचं नाही, म्हणून आधी हात धुवायचे, केस विंचरायचे, नखं पाहायची. बसणं ताठ. शिवण चालू असताना एकजण मोठ्याने वाची, बाकीच्या ऐकत.

शिवणावर एवढा भर का, याची मिशनच्या बाजूने सरळ उत्तरं होती. कामाची सवय लागते. कापडं शिवून विकली तर शाळेला चार पैसे मिळतात. शिवाय, अक्षरं शिकून मुलगी बिघडेल म्हणणाऱ्या आईबापालाही शिवण उपयोगाचं वाटतं. पण खरं उत्तर यापेक्षा खोल होतं. पुरुषाचा बाप्तिस्मा झाला तरी घरात चूल जुनीच राहिली, बायको जुन्याच देवाला नैवेद्य दाखवत राहिली तर धर्मांतर उंबरठ्यावरच अडतं, हे मिशनऱ्यांनी पक्कं ओळखलं होतं. त्यांना घर हवं होतं, आणि घर हवं तर बाई घडवायला हवी. शिकलेल्या ख्रिस्ती तरुणाला शिकलेली बायको हवी, म्हणून वसतिगृहातल्या मुलींची लग्नंही पुष्कळदा मिशनच्याच माणसांशी जुळत.

हे एकट्या महाराष्ट्रात घडत नव्हतं. त्याच काळात दक्षिण आफ्रिकेत कुरुमानला लंडन मिशनरी सोसायटीचे रॉबर्ट आणि मेरी मॉफट त्स्वाना लोकांमध्ये राहत होते. मेरीबाईंनी तिथल्या बायकांसाठी शिवणवर्ग चालवला. त्स्वाना समाजात गुरं पुरुषांची आणि शेती बायकांची. कुदळीने जमीन खणणं, पेरणं, राखण, मळणी, इतकंच काय, घराच्या भिंती बांधून सारवणं हेही बायकांचं. मिशनऱ्यांना ते उलटं वाटलं. बैल जुंपलेला नांगर आला आणि गुरांना हात लावण्याचा मान पुरुषांचा, म्हणून नांगराबरोबर शेतही पुरुषांकडे सरकलं. बाईने चौकोनी घरात बसावं, शिवावं, मुलांना अंगभर कपडे घालावेत, ही मिशनऱ्यांची अपेक्षा. शेतात राबणाऱ्या बाईला 'आळशी नवऱ्याची हमाल' ठरवून तिची सुटका केल्याचं समाधान मिशनऱ्यांना मिळालं. पण धान्याची कोठारं जिच्या ताब्यात होती, तिच्या हातातून ती कोठारं निघून गेली.

आता आपला मुलूख पाहा. नगर-सोलापूरकडे मिशनचे बहुतेक ख्रिस्ती महार आणि मांग समाजातून आले. या घरांतल्या बायका खुरपणी, कापणी, मळणी, दुसऱ्याच्या वाड्यातलं झाडणं-सारवणं, सरपण, दोर वळणं असं सगळं करत. त्यांच्या श्रमाशिवाय घर चालत नव्हतं आणि गावही चालत नव्हतं. मिशनच्या वहीत मात्र हे श्रम म्हणजे दुर्दशा ठरले. दुर्दशा होतीच, ते नाकारण्यात अर्थ नाही, कारण त्या कामाला मान नव्हता आणि मोबदला म्हणजे शिळी भाकरी. पण त्यावरचा उपाय म्हणून दाखवलेलं चित्र न्यू इंग्लंडमधल्या एखाद्या सुखवस्तू गावचं होतं. नवरा मिळवून आणतो, बायको खिडकीशी बसून शिवते. दुष्काळी पट्ट्यात, ज्वारीवर जगणाऱ्या भूमिहीन घराला ते चित्र परवडणारं नव्हतं.

आणि सुई काही या बायकांना नवी नव्हती. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून, चारी कडांनी धावदोरा फिरवत वाकळ शिवणं हे आमच्याकडे प्रत्येक घरात चाले. नळदुर्ग-तुळजापूरकडच्या लमाण तांड्यांतल्या बायका आरसे आणि कवड्या लावून जे भरतकाम करत, ते कुठल्याही मिशन शाळेच्या प्रदर्शनात पहिलं यावं असं. पण वाकळ वर्गात आली नाही. वर्गात आली ती रुमालाची कड, पोलक्याचं काज आणि पुढे क्रोशाची जाळी. आपल्या आईला जे येतं ते कौशल्य नव्हे, ही शिकवण मुलींना शब्दाने कुणी दिली नसेल. तासाच्या रचनेतून ती आपोआप मिळाली.

मराठवाड्यातला एक प्रयोग या संदर्भात फार बोलका आहे. नारायण शेषाद्री हे हैदराबाद संस्थानातून मुंबईला शिकायला गेलेले ब्राह्मण तरुण. १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धाकट्या भावाच्या, श्रीपतीच्या, शुद्धीवरून त्याच वर्षी मुंबईत मोठं वादळ झालं आणि बाळशास्त्री जांभेकर श्रीपतीच्या बाजूने उभे राहिले, ते हेच प्रकरण. नारायण शेषाद्री १८६० नंतर जालन्याला आले आणि पुढे हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून जालन्याजवळ त्यांनी 'बेथेल' नावाचं गाव वसवलं. महारवाडा-मांगवाड्यातून आलेल्या कुटुंबांना तिथे घरं, विहीर, शाळा, देऊळ आणि कसायला जमीन मिळाली. कुरुमानसारख्या मिशन वसाहतीशी त्याचं नातं उघड आहे. पण इथे वसवणारा गोरा पाद्री नव्हता, मराठी बोलणारा माणूस होता, आणि त्याने बायकांच्या शाळेच्या आधी जमिनीचा विचार केला. घर कसं ठेवावं हे शिकवण्याआधी घर असावं लागतं, हे त्याला कळलं होतं. १८९१ मध्ये समुद्रप्रवासात ते वारले.

घर असावं लागतं, हे सगळ्यात स्पष्ट शब्दांत लिहिलं ते मात्र एका चौदा वर्षांच्या मुलीने. मुक्ताबाई साळवे ही फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेची मांग समाजातली विद्यार्थिनी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त दोन भागांत छापून आला. वाड्यांच्या पायात शेंदूर-तेल पाजून गाडल्या गेलेल्या आपल्या पूर्वजांविषयी ती लिहिते, वेदांवर मक्ता सांगणाऱ्यांना ती जाब विचारते, आणि मग बाळंतिणीपाशी येते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसतं, पावसाने आणि थंडीने त्यांचे हाल होतात, असं ती सांगते. ज्या नियतकालिकाच्या अंकांत नीटनेटक्या घराचे, स्वच्छ मुलांचे, चांगल्या आईचे धडे येत असत, त्याच नियतकालिकात हे छापलं गेलं. मिशनचं श्रेय इतकं की त्यांनी ते छापलं. पण त्या निबंधात गृहिणीपणाचं एकही वाक्य नाही. तिने मागितलं ते शिक्षण, आणि मांग-महारांना स्वतः अभ्यास करायला सांगितलं.

इथे थोडं थांबून पुण्याकडे बघायला हवं, नाहीतर सगळा दोष परकीयांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ. १८८४ मध्ये हुजूरपागेची शाळा निघाली. तीन वर्षांत तिच्या अभ्यासक्रमावरून 'केसरी'ने रान उठवलं. मुलींना अकरा ते पाच शाळेत डांबलं तर घरची कामं कोण करणार, त्यांना इंग्रजी कशाला, मराठी वाचन, धर्म, शिवणटिपण आणि घरकाम पुरे, असा टिळकांचा सूर होता. बायबलवाल्या बाई आणि 'केसरी'कार या दोघांचं जवळपास कशावरही एकमत नव्हतं. शिवणाच्या तासावर मात्र होतं. पुढे १९१६ मध्ये अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं तेव्हाही, जपानमधल्या महिला विद्यापीठाचा आदर्श समोर ठेवून, गृहव्यवस्था आणि आरोग्य यांना अभ्यासक्रमात मानाचं स्थान दिलं.

याच्या विरुद्ध दिशेने बोललेली एक बाई होती. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली, तेव्हा मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका हव्यात, तपासणीसाठी बायका नेमाव्यात आणि बायकांना वैद्यकीचं शिक्षण मिळावं, असं सांगितलं. त्यांनी पगाराच्या, पदाच्या जागा मागितल्या. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढलं ते विधवांना स्वतःच्या पायावर उभं करण्यासाठी. त्या स्वतः ख्रिस्ती झालेल्या, पण सदनातल्या ब्राह्मण मुलींचा स्वयंपाक त्यांच्या रीतीने वेगळा होई. तरी सदन पुण्याला हलवल्यानंतर, १८९३ मध्ये, धर्मांतराच्या आरोपावरून तिथे गदारोळ झाला आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या.

मग दुष्काळ आले. १८९६-९७ चा आणि लगेच १८९९-१९०० चा. या दोन दुष्काळांनी मिशनचं गृहिणीचं चित्र पार मोडून टाकलं. घाटावरच्या नळदुर्ग, परंडा, कळंबच्या मुलखालाही या दुष्काळांची झळ बसली. रमाबाईंनी मध्य प्रांतातून, मग गुजरातमधून मुली आणल्या आणि केडगावच्या मुक्तिसदनात १९०० च्या सुमारास दोन हजारांच्या जवळपास माणसं राहू लागली. एवढ्या मुलींना 'संसाराला तयार' करत बसणं शक्यच नव्हतं. केडगावला बायका माग चालवू लागल्या, तेलघाणा, गोठा, शेती सांभाळू लागल्या आणि छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच छापखान्यात, याच हातांनी छापलं.

अमेरिकन मिशनकडेही अनाथ मुलांचा लोंढा आला. नगरला मुली लेस विणू लागल्या. ती लेस विकली जाई आणि मजुरी मिळे. शिवणाचा तास आता कारखान्याच्या पाळीसारखा झाला. सोलापूरला वोरोनोको नावाची मुलींची शाळा होती. मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाचं हे नाव, सोलापुरी जिभेला ते कसं वळलं असेल कोण जाणे. मिस एस्थर फाउलर यांनी ती शाळा चालवली. मिस मेरी हार्डिंग यांनी तिथेच बालवाडी काढली आणि बालवाडीच्या शिक्षिका तयार करणारा वर्गही. मला या वर्गाचं मोल शिवणवर्गापेक्षा कितीतरी जास्त वाटतं. दुष्काळात आईबाप गमावलेली मुलगी तिथे शिकून मास्तरीण होत होती. नगरला डॉ. ज्युलिया बिसेल यांचा बायकांसाठी दवाखाना सुरू झाला, मिरजेला डॉ. वानलेस यांच्या इस्पितळात परिचारिका घडू लागल्या. बायबल वाचून दाखवणाऱ्या बायका गावोगाव फिरत. महारवाड्यातली बाई हातात पुस्तक घेऊन, चपला घालून, ठरलेला पगार घेत एकटी दुसऱ्या गावी जाते, हे दृश्य १८५० मध्ये कुणी कल्पनेतही आणलं नसतं.

मिशनने यांना घर दिलं, असं मिशनची वार्षिक प्रतिवृत्तं सांगतात. माझं वाचन वेगळं आहे. घराचे धडे घेत घेत या बायका घराबाहेर पडण्याची वाट शोधत होत्या आणि ती त्यांनी शोधली. किंमतही दिली. जात सुटली म्हणताना सोयरेसंबंध सुटले. माहेर दुरावलं, जत्रा आणि ओव्या दुरावल्या. मेमसाहेबांसमोर ख्रिस्ती आणि गावात महार-मांगच, असं दुहेरी आयुष्य वाट्याला आलं. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त एका ब्राह्मण घरातली ही ओढाताण आपण वाचतो, मनापासून वाचतो, पण ती लिहिण्याइतकी निवांत जागा वसतिगृहातल्या मुलींना फारशी मिळाली नाही.

यातलं घाट चढून वर किती आलं? थोडंच. बार्शीपर्यंतची छोटी रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली, येडशीवरून. माणसं, कापूस, करडई त्या गाडीने खाली जाऊ लागली. पण निजामी मुलखात वरच्या शाळांची भाषा उर्दू होती. घरात मराठी बोलणाऱ्या मुलीच्या वाट्याला तिथे शिवणाचा तास आणि पाटी क्वचितच येई. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली तेव्हा इथल्या मुली जिथून सुरुवात करत होत्या, तिथून नगर-सोलापूरच्या मुलींनी शंभर वर्षांपूर्वी केली होती.

त्यानंतर घराचे धडे सरकारने दिले. महिला मंडळं, शिवणवर्ग, शिलाई यंत्रांचं वाटप. यंत्र मिळालेल्या बायकांनी त्यावर संसाराला हातभार लावला, हे आम्ही पाहतोच. पण या जिल्ह्यात बाई आणि घर यांचा प्रश्न खरा उलटला तो १९९३ मध्ये. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि माळवदं कोसळून सुमारे ८,००० माणसं गेली. उमरगा-लोहाऱ्याकडची गावंच्या गावं आडवी झाली. पुनर्वसनात हजाराहून अधिक गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण लोकांनी स्वतः करायचं ठरलं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगाव बायकांमधून 'संवाद सहायक' नेमल्या गेल्या. त्यांतल्या कितीतरी जणी तोवर ग्रामसभेत पाय न ठेवलेल्या. सिमेंट-वाळूचं प्रमाण, कोपऱ्यातल्या सळया, पट्ट्यावरची पाणी मारणी, अनुदानाचा हप्ता कधी आणि कशावर मिळतो, हे सगळं त्यांनी शिकून घेतलं आणि गवंड्याला, इंजिनिअरला, तलाठ्याला प्रश्न विचारू लागल्या. चूल कुठे, न्हाणी कुठे, खिडकी किती मोठी, हे त्या नकाशावर बोट ठेवून सांगत होत्या. पुढे याच बायकांचे गट बचत, आरोग्य आणि एक एकराच्या शेतीकडे वळले, आणि त्या एकरात काय पेरायचं ते त्या स्वतः ठरवू लागल्या.